‘मूळ हिब्रूत असं आहे’ म्हणणाऱ्याला काय विचारावं?

रविवारच्या उपदेशात, बायबल क्लासमध्ये आणि अलीकडे यूट्यूबवर तर उठता-बसता एक वाक्य कानावर येतं : ‘मूळ हिब्रूत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.’ ते उच्चारलं की मंडळी गप्प होते. समोर हिब्रू येणारं बहुधा कुणी नसतं, त्यामुळे शंका विचारायची सोयच उरत नाही. हे विधान कधी कधी खरंही असतं. पण ते करण्याचा हक्क कशाने मिळतो, हे मराठी मंडळ्यांनी आता उघडपणे विचारायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे : शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत, अक्षरांत किंवा क्रमांकात शोधायचा नसतो, तो शब्द ज्या वाक्यांत वापरला गेला, त्या वाक्यांत शोधायचा असतो. ज्याला ती वाक्यं दाखवता येत नाहीत, त्याने मूळ हिब्रूचा हवाला देऊ नये.

हा हवाला तयार कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. मराठी वचन घ्यायचं, त्याचं १६११चं इंग्रजी किंग जेम्स भाषांतर काढायचं, अ‍ॅपमध्ये इंग्रजी शब्दावर बोट ठेवायचं, स्ट्राँगचा क्रमांक उघडायचा, तिथले इंग्रजी अर्थ वाचायचे आणि त्यातला मनाला भावेल तो उचलून परत मराठीत आणायचा. या सगळ्या फेरीत हिब्रू वाचलं जातं कुठे? स्क्रीनवर चौकोनी लिपीतला एक शब्द झळकतो, तेवढाच काय तो हिब्रूचा संबंध.

यात स्ट्राँग यांचा दोष नाही. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेली ती शब्दसूची प्रचंड मेहनतीचं काम आहे. जुन्या करारातल्या हिब्रू आणि अरामी शब्दांना त्यांनी १ ते ८६७४ असे क्रमांक दिले, आणि किंग जेम्समधला कुठला इंग्रजी शब्द कुठल्या क्रमांकावरून आला ते नोंदवलं. पण ती सूची आहे. तिच्या मागे जोडलेला कोश अगदी त्रोटक आहे, आणि त्यातल्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी जी यादी येते ती अर्थांची यादीच नव्हे. १६११च्या भाषांतरकारांनी तो शब्द ठिकठिकाणी कोणकोणत्या इंग्रजी शब्दांनी उतरवला, त्याची ती जंत्री आहे. लोक ती जंत्री म्हणजे शब्दाच्या पोटातले दडलेले अर्थ समजून वाचतात.

काय गडबड होते ते क्रमांक २६१७वर दिसतं. हा ‘हेसेद’, जुन्या करारातला सर्वांत लाडका शब्द म्हटला तरी चालेल. १३६व्या स्तोत्राच्या २६ वचनांत ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येतं, तिथे ‘दया’ म्हणजे हेसेद. स्ट्राँगच्या जंत्रीत या क्रमांकाखाली दया, कृपा, ममता असे शब्द आहेत आणि त्यांच्याच पंगतीत निंदा आणि दुष्ट कृत्यही बसलेलं आहे. कारण लेवीय २०:१७मध्ये बहिणीशी संबंध ठेवण्याला ‘हेसेद’ म्हटलं आहे, आणि तिथे अर्थ आहे लाजिरवाणी गोष्ट. नीतिसूत्रे १४:३४मध्येही तसंच. हा दिसायला-ऐकायला सारखा पण वेगळा शब्द आहे असं कोशकार मानतात. स्ट्राँगने दोघांना एकच क्रमांक दिला. आता एखाद्याने यावरून ‘देवाची दया माणसाची लाजही पोटात घेते, हे हेसेद शब्दातच आहे’ असा उपदेश रचला, तर तो ऐकायला गोड लागेल. पण त्याला आधार आहे तो फक्त दोन शब्दांना मिळालेल्या एका क्रमांकाचा.

दुसरा घोटाळा धातूंचा. हिब्रू शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, हे खरं आहे आणि ते शिकायला मजाही येते. त्यातूनच समजूत होते की एका धातूचे सगळे शब्द मनाने एकमेकांशी बांधलेले असतात. मग ‘लेहेम’ म्हणजे भाकर आणि ‘मिल्हामा’ म्हणजे लढाई, दोन्हींत ल-ह-म. तेव्हा भाकरीसाठीच लढाई होते, बेथलेहेम हे लढाईचंही घर आहे, वगैरे. स्ट्राँगने तर क्रमांक ३८९८वर खाणे आणि लढणे एकाच क्रियापदात घातलं आणि ‘खाऊन फस्त करणे’ या पुलावरून दोन्ही काठ जोडले. १९०६चा ब्राउन, ड्रायव्हर आणि ब्रिग्ज यांचा कोश उघडला तर तिथे ल-ह-मच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतात, एक लढण्याची आणि एक खाण्याची. मराठीत वाटेवर उभं राहून आपण कुणाची वाट पाहतो, वाटणी करतो आणि एखाद्या कामाची वाटही लावतो. या साऱ्यांचं मूळ एकच धरून कुणी अर्थ लावत बसलं तर आपण हसू. हिब्रूपुढे मात्र हात जोडतो.

‘दाबार’ हे याचं जास्त प्रतिष्ठित उदाहरण, कारण ही चूक पंडितांनी केली होती. दाबार म्हणजे शब्द, आणि दाबार म्हणजे गोष्ट, घटना, बाबही. यावरून विसाव्या शतकात बरीच पानं लिहिली गेली : हिब्रू माणसाच्या मनात शब्द आणि कृती यांत भेदच नव्हता, त्याचा शब्द हीच घटना असे, ग्रीक मन वेगळं आणि हिब्रू मन वेगळं. १९६१ साली जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने या साऱ्या मांडणीची चिरफाड केली. त्याचा मुद्दा मराठी वाचकाला समजवायला फार कष्ट पडू नयेत. आपण ‘गोष्ट सांगतो’ आणि ‘ही गोष्ट बरी नव्हे’ असंही म्हणतो. म्हणून मराठी माणसाला कथा आणि वस्तू यांतला फरक कळत नाही, असं कुणी म्हणेल का? एका शब्दाला दोन अर्थ असणं ही भाषेची रोजची रीत आहे. त्यावरून त्या लोकांच्या मनाचा नकाशा काढता येत नाही. आणि द-ब-र या व्यंजनांनाच दुसरे स्वर लागले की होतो ‘देबेर’, म्हणजे मरी. निर्गम ९:३मध्ये मिसरच्या गुराढोरांवर आली ती. धातूवादी उपदेशक या शेजाऱ्याकडे सहसा फिरकत नाहीत.

क्रियापदांत आणखी एक पायरी आहे, ती चुकवली की सगळंच चुकतं. हिब्रू क्रियापद सात मुख्य घडणींत चालतं. त्यांना ‘बिन्यान’ म्हणतात. आपल्याकडे बसणे आणि बसवणे यांत जसा फरक पडतो, तसा बिन्यान बदलला की अर्थ सरकतो, कधी पार बदलतो. स्ट्राँगचा क्रमांक मात्र बिन्यान सांगत नाही. ‘बाराक’ घ्या, क्रमांक १२८८. ‘आशीर्वाद देणे म्हणजे मुळात गुडघे टेकणे, देव आपल्याला आशीर्वाद देतो तेव्हा तो आपल्यापुढे वाकतो’ हे विधान हल्ली फार लोकप्रिय आहे. हे क्रियापद जुन्या करारात ३००हून जास्त वेळा येतं. त्यात गुडघे टेकण्याचा अर्थ फक्त तीन जागी आहे : २ इतिहास ६:१३मध्ये शलमोन गुडघे टेकतो, ९५व्या स्तोत्रात भक्तांना गुडघे टेकायला बोलावलं आहे, आणि उत्पत्ती २४:११मध्ये अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी उंट बसवतो. हा तिसरा प्रयोग हिफील या प्रयोजक घडणीतला. आशीर्वादाचा अर्थ बहुतांशी पिएल घडणीत आणि ‘बारूक’ या धातुसाधितात येतो, आणि तिथे गुडघ्यांचा मागमूस नसतो. दोन्ही मुळात एकच धातू आहे की दोन, यावरही कोशकारांचं एकमत नाही. शिवाय ईयोब २:९मध्ये त्याची बायको ‘देवाला बाराक कर आणि मर’ असं म्हणते, तिथे तर अर्थ शाप देण्याचा आहे. देवाच्या नावापुढे शाप हा शब्द नको म्हणून उलटा शब्द घातला आहे. हे कुठल्या धातूतून कळणार? वाक्य वाचूनच कळतं.

याच्याही पुढे गेलेली एक टूम आहे : अक्षरचित्रांची. अलेफ म्हणजे बैल, म्हणून ताकद. बेत म्हणजे घर. म्हणून ‘आब’, बाप, म्हणजे ‘घराची ताकद’. अक्षरांची नावं आणि त्यांचे सर्वांत जुने आकार चित्रांवरून आले, हे खरं आहे. सिनायमधल्या सेराबित अल-खादिमच्या कोरीव लेखांत ते दिसतं. पण त्या लेखांतही बैलाचं डोकं म्हणजे बैल नव्हे; ती त्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीची खूण. चित्र सोडून ध्वनी धरला तेव्हाच तर वर्णमाला जन्मली. या टुमेची तपासणी दोन मिनिटांत होते. अलेफ आणि बेत याच दोन अक्षरांत स्ट्राँगचा क्रमांक १ आहे, आब, बाप; आणि त्याच दोन अक्षरांत क्रमांक ३ आहे, एब, कोवळी हिरवळ, जी ईयोब ८:१२मध्ये कापण्याआधीच सुकते. घराची ताकद हिरवळीत कशी शिरली, याचं उत्तर अक्षरचित्रवाल्यांनी द्यावं.

काही दावे सिद्धांताच्या गरजेतून जन्माला येतात, आणि ते तपासताना लोक बिचकतात. ‘एहाद’ म्हणजे संयुक्त एक, एकात अनेक. म्हणून ‘परमेश्वर एकच आहे’ म्हणणाऱ्या अनुवाद ६:४मध्येच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) आहे, हा त्यातला एक. पुरावा म्हणून उत्पत्ती २:२४ दाखवतात, नवराबायको ‘एकदेह’ होतात ते. पण तिथे दोघांचं एक होणं वाक्यात सांगितलं आहे, ‘एक’ या शब्दात ते नाही. उपदेशक ४:८मध्ये तोच एहाद आहे आणि पुढे लगेच ‘त्याला दुसरा कोणी नाही, मुलगा नाही, भाऊ नाही’ असं आहे. एहाद म्हणजे एक. द्राक्षांचा एक घोस म्हटल्याने ‘एक’ हा शब्द अनेकवचनी होत नाही. ‘एलोहीम’ या अनेकवचनी रूपाचंही तेच : शास्ते ११:२४मध्ये मवाबी कमोश हा एकटा देव एलोहीम आहे, १ शमुवेल ५:७मध्ये पलिष्ट्यांचा देव दागोन आहे. त्रैक्यावर विश्वास ठेवणाऱ्याने खुशाल ठेवावा, त्याची कारणं नव्या करारात आणि मंडळीच्या इतिहासात आहेत. त्या विश्वासाला शब्दकोशाची खोटी साक्ष कशाला लागते?

उलटही होतं. अडचणीच्या वचनातून सुटका करायला ‘तिथे हिब्रूत वेगळा शब्द आहे’ असं ठोकून दिलं जातं. १ शमुवेल १५मध्ये ११व्या आणि ३५व्या वचनांत शौलाला राजा केल्याबद्दल देवाला पस्तावा होतो, आणि मधल्याच २९व्या वचनात शमुवेल म्हणतो की देव पस्तावत नाही. तिन्ही जागी ‘नाहाम’ हेच क्रियापद आहे आणि बिन्यानही एकच. लेखकाने तो ताण जाणूनबुजून ठेवलेला आहे. शब्दाच्या अभ्यासाने इथे अडचण सुटत नाही, उलट ती जास्त ठळक होते, आणि तेही अभ्यासाचं फळच आहे.

मराठी वाचकासाठी एक खास खड्डा आहे, तो देवनागरीचा. हिब्रूतली दोन वेगळी अक्षरं आपण ‘ह’नेच लिहितो, दोन वेगळे ‘त’ एकाच ‘त’ने, आणि अलेफ व अयिन ही दोन कंठ्य व्यंजनं तर लिप्यंतरात गायबच होतात. उत्पत्ती १:३मधला उजेड देवनागरीत ‘ओर’, आणि उत्पत्ती ३:२१मध्ये देवाने आदाम-हव्वेला दिलेल्या चामड्याच्या वस्त्रांतलं चामडंही ‘ओर’. पहिला अलेफने, दुसरा अयिनने, क्रमांक २१६ आणि ५७८५, संबंध शून्य. जुन्या रब्बींनी या सारखेपणावर कोटी केली आहे, रब्बी मेईर यांच्या प्रतीत ‘उजेडाची वस्त्रं’ असं लिहिलेलं होतं अशी आठवण मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या जुन्या भाष्यात, आहे. पण ती कोटी आहे हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा लिप्यंतरावर कधीही अर्थ उभारू नये. निदान हिब्रूची बावीस अक्षरं ओळखायला शिकावीत. ते काम पंधरवड्याचं आहे, आणि एवढ्यानेच निम्म्या चुका टळतात.

मग करायचं काय? एक शब्द पूर्ण घेऊन पाहू, आणि तो मराठी ख्रिस्ती घरांत पाठ असलेल्या वचनातलाच घेऊ. २३व्या स्तोत्राच्या चौथ्या वचनात ‘मृत्युच्छायेची दरी’ आहे. हिब्रू शब्द ‘त्साल्मावेत’, क्रमांक ६७५७. नुसता शब्द फोडला तर ‘त्सेल’ म्हणजे सावली आणि ‘मावेत’ म्हणजे मरण. प्रकरण मिटलं असं वाटतं. पण आधी सर्व जागा काढायच्या. जुन्या करारात हा शब्द १८ वेळा येतो, त्यातले १० एकट्या ईयोबाच्या पुस्तकात. अठरा ही अभ्यासाला सोयीची संख्या आहे, कागदाच्या एका पानावर मावते. (शब्द तीनचारशे वेळा येणारा असेल तर आधी त्याच पुस्तकातल्या जागा, मग त्याच जातीच्या लिखाणातल्या, म्हणजे काव्याला काव्य आणि नियमाला नियम, असं बाहेर सरकत जावं.) वचनांचे आकडे जपून उतरवावेत : हिब्रू प्रतीत स्तोत्रांचं शीर्षक बरेचदा पहिलं वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ४४व्या स्तोत्रातलं आपलं १९वं वचन तिथे २०वं असतं. यशया ९:२ हे तिथे ९:१ असतं. यात घसरलेला माणूस भलत्याच वाक्यात शब्द शोधत बसतो.

आता प्रत्येक जागी शेजारी कोण आहे ते लिहायचं. १०७व्या स्तोत्रात १०व्या आणि १४व्या वचनांत लोक ‘अंधारात आणि त्साल्मावेतमध्ये’ बसले आहेत, बेड्यांत. यशया ९मध्ये अंधारात चालणाऱ्यांना उजेड दिसतो, त्याच्या जोडीला हा शब्द. आमोस ५:८मध्ये देव त्साल्मावेतची सकाळ करतो. ईयोब २४:१७मध्ये रात्री घरं फोडणाऱ्यांना सकाळच त्साल्मावेतसारखी वाटते. ईयोब २८:३ सर्वांत बोलका आहे : तिथे खाणकामगार जमिनीच्या पोटात शिरून धातूचे दगड शोधतात, आणि ते दगड अंधाराचे व त्साल्मावेतचे आहेत. खाणीत मरण दबा धरून असेलही, पण कवी तिथे काळोखाबद्दल बोलतो आहे. ईयोब १६:१६मध्ये रडून रडून पापण्यांवर हाच शब्द उतरला आहे. अठरांतल्या बहुतेक जागी जोडीदार अंधार आहे आणि विरोधी उजेड किंवा सकाळ. वापर सांगतो तो अर्थ : निबिड, घाबरवणारा काळोख.

इथपर्यंत आल्यावरच कोश उघडावा, आधी नाही. आधी उघडला की त्यातला पहिला अर्थ डोक्यात बसतो आणि मग सगळी वाक्यं तशीच दिसू लागतात. कोश सांगतात की अनेक अभ्यासकांच्या मते हा मुळात ‘काळं असणे’ या अर्थाच्या त्स-ल-म धातूचा शब्द असावा. अक्कडी आणि अरबीत त्याची भावंडं आहेत. दुसरे म्हणतात शब्द जोडशब्दच आहे, आणि ‘मरण’ हा भाग तिथे अतिशयता दाखवतो. जुनी भाषांतरं पाहावीत : इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात बऱ्याच जागी ‘मरणाची सावली’ असंच आहे. हिब्रू प्रतींना स्वरखुणा देणाऱ्या यहुदी विद्वानांनी, म्हणजे मसोरा पंडितांनी, त्या खुणाही मावेत ऐकू यावं अशाच दिल्या. आणि ईयोब ३८:१७मध्ये ‘मरणाची दारं’ आणि ‘त्साल्मावेतची दारं’ एकाच श्वासात येतात. म्हणजे त्या कवीच्या कानात मरण वाजत होतंच.

माझा निर्णय असा : अर्थ गडद काळोखाचा, आणि मरणाचा नाद त्यात जुना आहे. ‘मृत्युच्छाया’ हे चूक म्हणून टाकून द्यायचं कारण नाही. पण ते वचन फक्त प्रेतयात्रेला आणि मरणशय्येपाशी वाचायचं, ही जी सवय पडली आहे तिला या अठरा जागांचा आधार नाही. बेड्यांत बसलेला, रडून पापण्या सुजलेला, खाणीत उतरलेला, यांच्यासाठीही ते तितकंच आहे. मूळ हिब्रूचा हवाला इथे देता येतो, कारण तो तपासता येतो.

ही रीत धातूंना आणि शेजारच्या भाषांना हद्दपार करत नाही. एकदाच येणारे शब्द असतात, कसे मोजता त्यावर चारशे ते दीड हजार, आणि तिथे बाहेरची मदत लागतेच. १ शमुवेल १३:२१मधला ‘पीम’ हा एकदाच येतो. इस्राएलात लोहार नाही, म्हणून शेतकरी फाळ, कुदळी, कुऱ्हाडी पाजवायला पलिष्ट्यांकडे जातात, असं ते वाक्य आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी संदर्भावरून अंदाज बांधला आणि कानस लिहून टाकली. विसाव्या शतकात पॅलेस्टाइनच्या उत्खननांत पीम ही अक्षरं कोरलेली दगडी वजनं मिळाली, साधारण साडेसात ते आठ ग्रॅमची, म्हणजे शेकेल या जुन्या वजनाच्या दोन तृतीयांश. ती पाजवण्याची मजुरी होती! संदर्भ वाचूनही चूक झाली होती, हे कबूल करायला हवं. एकाच वाक्यातून एवढंच निघतं.

पण शेजारच्या भाषेचा मोह आवरावा लागतो. १९२९पासून सीरियातल्या रास शामरा इथे उगारिती या हिब्रूच्या नात्यातल्या जुन्या भाषेतल्या पाट्या निघू लागल्या तेव्हा हिब्रूतल्या अनेक गाठी त्यांनी सोडवल्या, आणि काहींवर घाई झाली. नीतिसूत्रे २६:२३मध्ये मातीच्या भांड्यावर चढवलेला ‘चांदीचा मळ’ हा विचित्र शब्दप्रयोग आहे. उगारिती शब्दाच्या आधाराने अक्षरं वेगळी तोडून तिथे ‘चकाकी’, म्हणजे भांड्यावरचा चकचकीत थर, असं वाचायची सूचना आली. ती काही प्रतिष्ठित भाषांतरांत शिरली. मग त्या उगारिती शब्दाच्या अर्थावरच शंका निघाल्या. हिब्रूतल्या वाक्यांचा पुरावा संपतो तिथेच शेजाऱ्याचं दार ठोठवावं.

आजच्या हिब्रूबद्दलही सावध राहावं लागतं, विशेषतः इस्राएलात नातेवाईक असलेल्या वाचकांनी. तिथे ‘हश्माल’ म्हणजे वीज. बिलावर छापलेली असते. यहेज्केल १:४मध्ये वादळाच्या गाभ्यात चमकणारं ते हश्माल म्हणजे वीज नव्हे. कुठला तरी झळाळता पदार्थ, ग्रीक भाषांतरात ‘एलेक्ट्रॉन’. त्या ग्रीक शब्दाच्या धाग्याने एकोणिसाव्या शतकात कवी यहूदा लेब गॉर्डन याने विजेला हे नाव दिलं. तसंच ‘एक्दाह’ : यशया ५४:१२मध्ये नगराच्या वेशींत जडवलेली रत्नं, आणि आज पिस्तूल.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे : मग साध्या विश्वासणाऱ्याने वचनाला हातच लावू नये का? पुन्हा पंडितांचीच मक्तेदारी? मला उलट वाटतं. मक्तेदारी आज आहे. ‘मूळ हिब्रूत’ म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, तीच मक्तेदारी. वर केलेल्या कामातलं बरंचसं काम हिब्रू न येणाऱ्यालाही करता येतं. स्ट्राँगचा क्रमांक अर्थासाठी न वापरता जागा शोधण्यासाठी वापरावा, तो त्याचा खरा उपयोग. त्या जागा दोनतीन मराठी भाषांतरांत शेजारी शेजारी वाचाव्यात. जिथे भाषांतरं फाकतात तिथे थांबावं. आणि उपदेशकाला तीन गोष्टी विचाराव्यात : हा शब्द या अर्थाने आणखी कुठे येतो, तिथे वाक्यात त्याच्या शेजारी काय आहे, आणि हा अर्थ इथे घातल्यावर पूर्ण वाक्य मराठीत वाचून दाखवाल का? तिसरा प्रश्न फार उपयोगी पडतो. निर्गम १०:१३मध्ये टोळ आणणारा ‘रुआह’ हा पूर्वेचा वारा आहे. तिथे वारा, श्वास, आत्मा हे सगळे अर्थ एकदम ओतून कुणी वाक्य वाचून दाखवू शकत नाही.

आणि हे आपल्याला नवं नाही. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं प्राथमिक व्याकरण मराठीत छापलं, ते मुख्यतः कोकणातून मुंबईला आलेल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांसाठी. पुढे त्याच समाजातल्या जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी यहुदी प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली, आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली पूर्ण छापून निघाला. संस्कृतात मुरलेल्या त्या विदुषीला पंडिती मराठी सहज लिहिता आली असती. त्यांनी बायाबापड्यांना कळेल अशी भाषा निवडली, आणि त्याआधी मूळ भाषा शिकण्याचे कष्ट उपसले. आपण त्यातलं फक्त ‘मूळ भाषा’ एवढं उचललं.

सोय म्हणून मराठी बायबलच्या आवृत्त्यांनी एक काम करावं : वादाच्या शब्दांखाली प्रामाणिक तळटीप द्यावी. यशया ७:१४चं पाहा. तिथला ‘आल्मा’ म्हणजे कुमारी की तरुण स्त्री, यावर यहुदी आणि ख्रिस्ती दोन हजार वर्षं भांडत आले आहेत, आणि दोन्हीकडचे उत्साही लोक शब्द दुसऱ्याला नि:शंक खोटं पाडतो असं सांगतात. शब्द तसं काही करत नाही. मग तळटीप अशी असू शकते : ‘आल्मा, वयात आलेली तरुण मुलगी. जुन्या करारात स्त्रियांविषयी हा शब्द ७ वेळा येतो; रिबेकेला (उत्पत्ती २४:४३) आणि मोशेच्या बहिणीला (निर्गम २:८) तो लावला आहे. कौमार्य हा शब्दाचा मुख्य रोख नाही, पण या जागांत ते नाकारलेलंही नाही. कुमारी असा नेहमीचा शब्द बेतुला; तोही योएल १:८मध्ये नवऱ्यासाठी शोक करणाऱ्या स्त्रीला लावला आहे. ग्रीक भाषांतरात इथे पार्थेनोस, कुमारी. मत्तय १:२३ त्यावरून. त्याच ग्रीक भाषांतरात उत्पत्ती ३४:३मध्ये बलात्कारानंतरच्या दीनालाही पार्थेनोस म्हटलं आहे.’ सहा-सात ओळी. छापायला फार जागा लागत नाही, आणि कुठल्याही बाजूच्या उपदेशकाला त्या ओलांडून सहज पुढे जाता येणार नाही.